घरी सापडणारा माणूस

सकाळी सव्वासहाला चंद्रहास घाडी नालासोपारा पश्चिमेतल्या आपल्या सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडले. उजव्या हातात कुत्र्याला फिरवायचा लाल पट्टा होता. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा नव्हता. नुसती कडी होती, ती त्यांच्या पोटरीवर आपटत होती. घाडींनी घड्याळ पाहिलं, खिशातल्या वहीत वेळ टिपली आणि ते झपाझप चालू लागले.

पहिल्याच वळणावर 'ए' विंगमधले जयराम भेटले. जयराम रोज गुडघ्यांसाठी चालतात आणि लोकांच्या चौकशीसाठी थांबतात.

"घाडीसाहेब, कुत्रा सुटला की काय?"

"नाही. अजून आला नाही."

"मग हा पट्टा?"

"सराव."

जयरामांनी पट्ट्याकडे पाहिलं, मग घाडींच्या तोंडाकडे. चौपन्न वर्षांचा, सरकारी नोकरीतला, दारूला न शिवणारा माणूस. "बरं आहे," ते म्हणाले. "चावायची भीती नाही."

घाडी हसले नाहीत. आज तिसरा दिवस होता. आणखी बारा दिवस असंच फिरायचं होतं, सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. प्रत्येक फेरी वहीत लिहायची होती आणि ती वही गिरीजच्या एका बाईंना दाखवायची होती. घाडींच्या घरात कुत्रा नांदू शकतो की नाही, ते त्या वहीवरून ठरणार होतं.

घाडी वसईच्या कोर्टात बेलिफ आहेत. सव्वीस वर्षं झाली. कोर्टानं काढलेला कागद ज्याच्या नावाचा असेल त्याच्या हातात नेऊन द्यायचा, सही घ्यायची, परत येऊन अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. माणूस भेटला तर 'समक्ष बजावले'. नाही भेटला तर पुन्हा जायचं. तरीही नाही भेटला तर दोन पंच बोलावून कागद दाराच्या दर्शनी भागावर डकवायचा. त्यासाठी त्यांच्या स्कूटरच्या डिकीत डिंकाची बाटली कायम असते.

या नोकरीत कुत्र्यांशी गाठ ठरलेलीच. बेलिफ फाटकाशी आला की पहिला जबाब कुत्रा देतो. कुत्रा भुंकता भुंकता मागे वळून घराकडे पाहत असेल तर माणसं आत आहेत. मग शेजारी कितीही सांगोत की मंडळी गावाला गेली आहेत. कुत्रा बांधलेला असेल आणि पाण्याचं भांडं भरलेलं असेल तर माणूस संध्याकाळपर्यंत येईल. भांडं कोरडं असेल तर थांबण्यात अर्थ नाही. विरारला एका कुत्र्यानं त्यांच्या पायाचा लचका तोडला होता. घाडींनी इंजेक्शनं घेतली आणि अहवालात लिहिलं, 'कुत्र्याच्या अडथळ्यामुळे बजावणीस विलंब.' कुत्र्यांवर त्यांचा राग नव्हता आणि जीवही नव्हता. मुलगी क्षितिजा आठ वर्षांची असताना पिल्लासाठी हटून बसली होती. तेव्हा त्यांनी एका वाक्यात प्रकरण निकालात काढलं होतं: "आपलं घर कुत्र्याचं नाही."

तालुक्यातली माणसं त्यांच्या डोक्यात दोन रकान्यांत मांडलेली असतात, सापडणारी आणि न सापडणारी. दुसरा रकाना फार लांब आहे. पहिल्यात सगळ्यात वर नाव आहे गासच्या दयाराम म्हात्र्यांचं. भावाभावांच्या वाटपाचा दावा अकरा वर्षं चालू आहे. त्यात घाडींनी त्यांना चौदा कागद दिले आणि चौदाही पहिल्याच फेरीत. कधीही जा, म्हातारा ओट्यावर बसून केळीची पानं पुसत असतो. बायकोला, सुभद्राबाईंना, अर्धांगाचा झटका आल्यापासून तो घर सोडून कुठे जात नाही.

तर अशा हिशेबी माणसाच्या हातात रिकामा पट्टा आला तो एका ताब्याच्या वॉरंटामुळे.

वसई गावात, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला एक बैठं कौलारू घर होतं. मालक आणि भाडेकरू यांचा दावा सतरा वर्षांनी संपला होता आणि घर रिकामं करून मालकाला द्यायचं होतं. घाडी पोलीस, पंच आणि कुलूपवाला घेऊन अकराला पोचले. भाडेकरू आदल्याच दिवशी निघून गेले होते. भांडण नाही, रडारड नाही. घाडींनी खोल्याखोल्यांतून फिरून पंचनामा लिहिला. एक मोडकी खाट, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पत्र्याची बादली, बूड गेलेली. खाली नेहमीचं वाक्य: सदर जागा रिकामी असून तेथे कोणीही नाही.

उंबऱ्यावर एक कुत्रा बसला होता. तपकिरी, डावा कान अर्धा फाटलेला, तोंडाशी पांढरा होत चाललेला. तो भुंकला नाही. घाडी आत जाताना थोडा सरकला, बाहेर येताना पुन्हा थोडा सरकला. कुलूप लावताना मात्र त्याला उठावंच लागलं.

"साहेब, याचं काय करायचं?" एका पंचानं विचारलं.

घाडींनी वॉरंट पुन्हा वाचलं. घरनंबर होता, चतुःसीमा होती. "वॉरंटात कुत्रा नाही," ते म्हणाले. "आणि हा आतही नाही, बाहेरही नाही. उंबऱ्यावर आहे."

पंच हसले. पोलीसही हसला. घाडींनाही तेव्हा आपण बरं बोललो असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं काम नालासोपाऱ्यातच होतं, तरी दुपारी स्कूटर वसई गावाकडे वळली. कुत्रा कुलपाखाली बसला होता. तिसऱ्या दिवशीही होता. समोर कुणीतरी टाकलेला पाव तसाच पडून होता. चौथ्या दिवशी घाडी गेले नाहीत आणि दिवसभर त्यांचं कशात लक्ष लागलं नाही. एका नोटिशीवर सही घ्यायला ते विसरले, हे सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. आपण लिहिलेला पंचनामा खोटा नव्हता, हे ते स्वतःला सांगत राहिले. जागा रिकामी होती. उंबऱ्याला जागेत धरायचं की नाही, हा वेगळा प्रश्न. सहाव्या दिवशी कुत्रा तिथे नव्हता. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं सांगितलं, "गिरीजच्या टीचर घेऊन गेल्या, रिक्षात घालून."

पत्ता शोधणं हा घाडींचा धंदाच. अर्ध्या तासात ते गिरीजला, केळीच्या वाडीतल्या एका घरासमोर उभे होते.

सँड्राबाई शाळेत पी.टी. शिकवायच्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गाव त्यांना टीचरच म्हणतं. त्यांनी घाडींना पायरीवरच थांबवलं.

"घेऊन जायला आलात?"

"बघायला आलो."

"बघायला पुष्कळ येतात. फोटो काढतात आणि जातात. तुम्ही काय करता?"

"कोर्टात बेलिफ आहे."

"म्हणजे दिवसभर रस्त्यावर. मिसेस?"

"शाळेत. विरारला. दुपारचं सत्र."

"मुलं?"

"एक मुलगी. पुण्याला नोकरीला असते."

"मग कुत्रा कोण सांभाळणार, सोसायटीचा वॉचमन?"

लोकांना दारात उभं करून नाव-गाव-नातं विचारायची घाडींना सवय होती. कुणी त्यांना असं विचारलं नव्हतं. कुत्रा तेवढ्यात आतून आला आणि त्यांच्या पँटच्या पायाशी नाक लावून हुंगू लागला. खूप वेळ हुंगत राहिला.

"तुमच्या पँटवर सगळ्या तालुक्याची कुत्री आहेत," टीचर म्हणाल्या. "तो पेपर वाचतोय."

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. महिनाअखेरीला त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. अकरा कुत्र्यांपैकी दहांची सोय लागली होती. हा एक राहिला होता, कारण म्हातारा कुत्रा कुणाला नको असतो. अठ्ठावीस तारखेपर्यंत घर मिळालं नाही तर जिथून उचलला तिथेच परत सोडावा लागणार होता.

"तिथलं घर पाडणार आहेत," घाडी म्हणाले.

"मला माहीत आहे," टीचर म्हणाल्या, आणि आत जाऊन लाल पट्टा घेऊन आल्या. "हा न्या. कुत्रा नाही, नुसता पट्टा. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास फिरवा. वेळा लिहून ठेवा. जी फेरी चुकेल ती चुकली म्हणून लिहा. खोटं लिहायचं नाही."

घाडींना राग आला. "बाई, मी सव्वीस वर्षं अहवाल लिहितोय. आजवर एकही खोटा नाही."

बोलून झाल्यावर त्यांची नजर कुत्र्याकडे गेली. ते पट्टा गुंडाळू लागले.

विनयानं, त्यांच्या बायकोनं, घरी पट्टा पाहिला तेव्हा ती पेपर तपासत होती. सगळं ऐकून घेतलं आणि वही मागून घेतली. पहिल्या पानावर घाडींनी लिहिलं होतं: 'सदर कुत्रा (गैरहजर) यास घेऊन सकाळी ६.१५ ते ६.४५ फिरणे. हवामान कोरडे.' विनयाला हसू आवरेना. त्या दिवसापासून घरात कुत्र्याचं नाव 'सदर' पडलं.

"अहो, एक विचारू?" हसणं थांबल्यावर ती म्हणाली. "माझ्याबरोबर बसून शेवटचा चहा कधी प्यालात? बसून, हं. खिडकीशी उभं राहून नाही."

"रोज पितो की."

"तुम्ही घरात असता ना, तेव्हासुद्धा कुणाच्यातरी फाटकाशी उभे असल्यासारखे असता. कुत्र्याला कळतं ते. माणसांना उशिरा कळतं."

घाडी तेव्हाही उभेच होते. ते बसले. मिनिटभरानं खिडकीचा आवाज होतो म्हणून ती लावायला उठले.

रविवारी क्षितिजाचा फोन आला. आईनं तिला आधीच सगळं सांगितलं होतं.

"बाबा, मला म्हणाला होतात आपलं घर कुत्र्याचं नाही. घर बदललं की तुम्ही?"

"घर तेच आहे."

"मग?"

"बघतोय."

"सोळा वर्षांनी बघताय. छान. सदरला माझा नमस्कार सांगा."

पहिले तीन दिवस वही स्वच्छ होती. चौथ्या दिवशी संध्याकाळची फेरी हुकली, घाडी अर्नाळ्याला एका प्रतिवादीची वाट पाहत बसले होते. पाचव्या दिवशी पुन्हा हुकली. सहाव्या दिवशी सकाळीच निघावं लागलं, तर तीही गेली. प्रत्येक चुकलेल्या फेरीपुढे ते कारण लिहीत: 'कार्यालयीन कामामुळे'. सातव्या दिवशी वही चाळताना त्यांच्या ध्यानात आलं की गेल्या सव्वीस वर्षांत घरातल्या प्रत्येक चुकलेल्या गोष्टीपुढे हेच कारण होतं. फक्त ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

आठव्या दिवशी गिरीजमध्ये एक नोटीस होती. ती बजावून घाडी टीचरांकडे डोकावले. टीचरांनी वही वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"तीस मिनिटांत तळ्यापर्यंत जाऊन परत? थांबलात कुठे कुठे?"

"थांबायचं कशाला?"

"कुत्रा खांबाखांबाला थांबतो, साहेब. हुंगतो. म्हातारा असला तर जास्तच. तुम्ही याला फिरवणार नाही, फरफटवणार. उद्यापासून प्रत्येक खांबापाशी थांबा आणि वीस आकडे मोजा."

दुसऱ्या दिवशी घाडी खांबापाशी थांबले. हातात रिकामा पट्टा, समोर विजेचा खांब, खांबावर क्लासची जाहिरात. एक, दोन, तीन. सातला पाय आपोआप उचलला गेला. त्यांनी तो खाली ठेवला. अकराला घड्याळ पाहिलं. दूधवाला सायकल थांबवून म्हणाला, "काय साहेब, नोटीस चिकटवायची आहे?" दुसऱ्या खांबाला नऊपर्यंत निभावलं. तिसऱ्याला त्यांना चक्क घाम फुटला. लोकांच्या दारात ते तासन्‌तास उभे राहत, पण तिथे दार उघडायची वाट असे. काही उघडायचं नसताना, कुणी यायचं नसताना उभं राहणं त्यांना येत नव्हतं. त्या दिवशी अर्ध्या तासात सहा खांब झाले. एकाही खांबाला वीस झाले नाहीत. घाडींनी ते तसंच लिहिलं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी ते उशिरा आले तर पट्टा खुंटीवर उलटा टांगलेला होता.

"मी नेला आज," विनया म्हणाली. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. "म्हटलं, जमतंय का बघू. जयरामांनी विचारलं, 'तुम्हालाही लागलं का?'"

घाडींनी वही काढली.

"माझं नाव नका घालू."

त्यांनी लिहिलं, 'कुटुंबातील प्रौढ व्यक्तीमार्फत.' माणूस घरी नसला की समन्स घरातल्या मोठ्या माणसाकडे देतात तेव्हा अहवालात हेच शब्द असतात.

विनयानं वाकून ते वाचलं. "प्रौढ व्यक्तीचे पाय सुजलेत," ती म्हणाली. "दिवसभर वर्गात उभी असते मी. एखाद्या दिवशी ठीक आहे. रोज नाही जमायचं, आत्ताच सांगून ठेवते. नंतर माझ्यावर बिल फाडायचं नाही."

घाडी मान हलवून गॅलरीत गेले, तिथून आत आले, पुन्हा गॅलरीत गेले. आठवडाभरात त्यांनी गॅलरीच्या कोपऱ्यातली जुनी कुंडी हलवून तिथे फूटभर जागा केली होती आणि भांड्यांच्या दुकानातून एक जड बुडाचं स्टीलचं भांडं आणलं होतं. ते पालथं पडलेलं होतं. कुत्रा हवा होता, याविषयी त्यांच्या मनात आता संशय नव्हता. तोच कुत्रा हवा होता. तो समोर आला की काय बोलायचं, हेही एकदा स्कूटरवरून जाताना त्यांच्या मनात येऊन गेलं होतं, आणि त्यांनी हॉर्न वाजवून ते घालवलं होतं.

बाराव्या दिवशी महामार्गापलीकडच्या गावांचे पाच कागद होते. पाचांतले दोन सापडले. साडेसातच्या सुमाराला घाडी घरी पोचले, तिसऱ्या मजल्यावर आले आणि बेल वाजवली. कुणी दार उघडलं नाही. विनयाची पालकसभा होती, ती उशिरा येणार होती, हे त्यांना सकाळीच सांगितलेलं होतं. चावी खिशातच होती. पण बेल वाजवून दोन पावलं मागे सरकून उभं राहणं हे सव्वीस वर्षांचं वळण. तसे ते उभे राहिले आणि सवयीनंच दार वाचू लागले.

कडीत सकाळचं वर्तमानपत्र तसंच. दाराशी इस्त्रीवाल्यानं ठेवलेलं गाठोडं. तुळशीची कुंडी वरून भेगाळलेली, म्हणजे दोन दिवस पाणी नाही. आत दिवा नाही, आवाज नाही. दुसऱ्या कुणाचं दार असतं तर त्यांनी डिकीतून डिंकाची बाटली आणायला पंचांपैकी एकाला पाठवलं असतं.

त्या दाराआड कुत्रा असता तर सकाळी साडेअकरापासून एकटा असता. घाडींनी बोटांवर मोजलं. आठ तास. आणि हा अपवाद नव्हता, वहीत असे सहा दिवस होते. ते चावी न काढता तसेच उभे राहिले. किती वेळ, ते त्यांनी मोजलं नाही.

पंधरा दिवस संपले तेव्हा तीस फेऱ्यांपैकी एकोणीस झाल्या होत्या, एक प्रौढ व्यक्तीमार्फत, दहा चुकलेल्या. सव्वीस तारखेला, रविवारी, दोघं गिरीजला गेले. टीचरांनी चष्मा लावून सगळी वही वाचली. वाडीत मोटार चालू होती आणि केळीच्या आळ्यांतून पाणी फिरत होतं. कुत्रा येऊन विनयाच्या चपलेवर हनुवटी टेकून पडला. विनया पाय न हलवता बसून राहिली.

"लोक तीसपैकी तीस लिहून आणतात," टीचर म्हणाल्या. "एका पेनानं, एका बैठकीत. मी तीस वर्षं पी.टी.ला दांडी मारणाऱ्या मुलांच्या चिठ्ठ्या तपासल्यात, मला कळत नाही का? तुमच्या वहीत दहा भोकं आहेत आणि दहाही खरी आहेत. घेऊन जा याला."

विनयानं नवऱ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हे उठतील आणि पट्टा बांधतील.

घाडी उठले खरे. विहिरीपर्यंत गेले, कठड्यावर हात ठेवून उभे राहिले, परत आले. "नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"तुम्ही वही लिहिणाऱ्याला मार्क दिलेत. वहीत काय लिहिलंय ते बघा. बाराव्या दिवशी आठ तास. नवव्या दिवशी सात. आमच्या घरची माणसं नाही सापडत, टीचर. मी स्वतः जाऊन पाहिलंय."

"लोक कामाला जातात आणि कुत्री पाळतात."

"पाळत असतील. याला एकदा कुलूप लावून झालंय. मी लावलंय ते. पुन्हा रोज नाही लावायचं."

मग टीचर म्हणाल्या, "ठीक आहे. अठ्ठावीसला रिक्षा बोलावते. होता तिथे सोडते."

घाडी पुन्हा विहिरीकडे गेले. या वेळी अर्ध्यातूनच वळले. "एक पत्ता देऊ?"

"कुणाचा?"

"गासचा. दयाराम म्हात्रे. अकरा वर्षांत चौदा वेळा गेलो, चौदाही वेळा घरी सापडला. बायको आजारी असते, तो ओटा सोडत नाही. ओट्याच्या खांबाला साखळी आहे, दोन पावसाळ्यांमागे कुत्रा मेला तेव्हापासून रिकामी. गेल्या खेपेला बघितलं, साखळीला गंज नाही. म्हणजे कुणीतरी तेल लावतंय."

टीचर त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "तुम्ही चला बरोबर."

"मला नाही येता येणार. माझ्याकडे त्यांचे कागद असतात. पक्षकाराच्या घरचं मी पाणीसुद्धा घेत नाही. पत्ता तेवढा सांगतो. पत्ता बरोबर आहे."

दोघं स्कूटरवरून परतले. फाटकाशी आल्यावर विनया म्हणाली, "ते भांडं परत करू नका. त्यात मी कडधान्य भिजवीन."

सत्तावीसला दुपारी टीचरांचा फोन आला. दयारामांनी कुत्र्याकडे पाहिलंच नव्हतं, पानं पुसत राहिले होते. सुभद्राबाईंनी मात्र खाटेवरून विचारलं, "चावतो काय?" टीचर म्हणाल्या, दात थोडे राहिलेत. "मग आमच्यातलाच," सुभद्राबाई म्हणाल्या. तेवढ्यावर काम झालं. टीचर दोन तास ओट्यावर बसून होत्या, माणूस जागचा हलतो का ते बघायला. माणूस हलला नाही.

"आणि माझा पट्टा?" टीचरांनी विचारलं.

"आणून देतो," घाडी म्हणाले.

दोन महिन्यांनी दयाराम म्हात्र्यांच्या नावाचा पंधरावा कागद निघाला. घाडींनी तो दुसऱ्या बेलिफाकडे द्यावा अशी विनंती करायचं ठरवलं, कागद वाटून देणाऱ्या नाझरांच्या टेबलापर्यंत गेले आणि सही करून स्वतःच घेऊन निघाले.

गासला ते पोचले तेव्हा दुपारचे चार झाले होते. कुंपणाशी स्कूटर लावताच आतून कुत्रा आला. अंगावर थोडं मांस चढलं होतं, फाटका कान तसाच होता. तो फाटकाशी येऊन जोरात भुंकू लागला. कौलारू घराच्या उंबऱ्यावर तो एकदाही भुंकला नव्हता, त्यामुळे घाडी त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. भुंकता भुंकता त्यानं मागे वळून घराकडे पाहिलं.

"बंड्या, गप," ओट्यावरून दयाराम म्हणाले. "या बेलिफसाहेब. तो कोनाला आत सोडत नाही. पोस्टमनची पन तीच गत."

"चांगलं आहे," घाडी म्हणाले.

"पानी घ्या," आतून सुभद्राबाईंचा आवाज आला.

"नको, बाई."

"दरवेळी नकोच म्हनतात हे. विष नाय घातलेलं."

दयारामांनी फाटकापर्यंत येऊन सही केली. घाडींनी वेळ टाकली: चार वाजून सहा मिनिटे, समक्ष बजावले. कुत्र्यानं तोवर फाटकाच्या पट्ट्यांतून नाक बाहेर काढून त्यांच्या पँटचा पाय गाठला होता आणि तो हुंगत होता, डावा, मग उजवा, मग पुन्हा डावा. दयाराम ओट्यावर परत गेले आणि पुढचं पान मांडीवर घेतलं. घाडींचं तिथलं काम संपलं होतं.

त्यांनी कागद ठेवायला डिकी उघडली. डिंकाच्या बाटलीशेजारी लाल पट्टा वेटोळं करून पडला होता. टीचरांचे त्यासाठी दोन फोन येऊन गेले होते. त्यांनी डिकी बंद केली आणि ते फाटकाशी परत आले, उभे राहिले. एक, दोन, तीन. कुत्रा हुंगतच होता. आठ. नऊ. वीस मोजायचे असं त्यांनी ठरवलं होतं.

तेराला त्यांनी घड्याळ पाहिलं आणि स्कूटरला किक मारली. पुढचा कागद नाळ्याचा होता आणि तिथला माणूस दोन फेऱ्यांत सापडला नव्हता.